सुंता आणि फायमोसिस : एका गल्लीतल्या दोन चुका

भिवंडीतल्या आमच्या गल्लीत पॉवरलूमची खडखड रात्रंदिवस चालते. त्यामुळे कुणाला गुपित सांगायचे असेल तर कानाशी तोंड न्यावे लागते. काही वर्षांपूर्वी शेजारची एक बाई अशीच अम्मीच्या कानाशी आली. तिचा नवरा सायझिंगमध्ये कामाला. घर मराठी, हिंदू. चार वर्षांचा मुलगा लघवी करताना पुढची कातडी फुग्यासारखी फुगते म्हणून तिने त्याला दवाखान्यात नेले होते. चिठ्ठीवर ‘फायमोसिस’ असा शब्द लिहून मिळाला होता आणि ‘कापावे लागेल’ असा सल्लाही. घरी सासूने रान उठवले होते. बाईने अम्मीला विचारले, “भाभी, तुमच्यात तर सगळ्या पोरांची करतात. फार दुखतं का हो? आणि केली तर आमच्यातले लोक काय म्हणतील?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अम्मीकडे होते. दुसऱ्याचे नव्हते.

त्याच वर्षी आमच्या घरात माझा भाचा जन्मला. त्याची पुढची कातडी खालच्या बाजूने नव्हतीच, वरून टोपीसारखी नुसती लोंबत होती. म्हाताऱ्या बायका खूश झाल्या. आपल्याकडे अशा बाळाला ‘फरिश्त्यांनी सुन्नत केलेला’ म्हणतात. उरलेली कातडी काढून ‘काम पुरे’ करून टाकू, असे ठरले आणि सातव्या महिन्यात ते झालेही. पुढे सर्जनने सांगितले की मुलाच्या लघवीचे छिद्र टोकाला नसून खाली आहे, ते दुरुस्त करायला जी कातडी लागते तीच आपण काढून टाकली आहे.

एका घरात न कापता भागले असते, पण कापायला सांगितले गेले. दुसऱ्या घरात कापायला नको होते, पण घाईने कापले गेले. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. सुंता ही धर्माची गोष्ट आणि फायमोसिस ही वैद्यकाची गोष्ट, यांची आपण गेली दीडशे वर्षे सरमिसळ करत आलो आहोत. ही सरमिसळ कशी झाली, त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

मुसकी आणि नळी

‘फायमोसिस’ हा ग्रीक शब्द. त्याच्या मुळाशी ‘मुसकी’ असा अर्थ आहे. मळणीच्या वेळी बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून बांधतात ती मुसकी. शिश्नाच्या टोकावरची कातडी, म्हणजे अग्रत्वचा, तोंडाशी इतकी आवळलेली असते की मागे सरकत नाही. अशा अवस्थेला ग्रीकांनी हे नाव दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये लिहिणाऱ्या सेल्ससने या आवळलेल्या कातडीला चीर देण्याची पद्धत नोंदवली आहे. त्याच प्रकरणात त्याने उलटी शस्त्रक्रियाही सांगितली आहे : ज्याचे टोक उघडे आहे, त्याची कातडी ओढून ते झाकायचे. म्हणजे शरीराच्या या एवढ्याशा भागावरून माणसाला लाज वाटणे, त्यासाठी वैद्याकडे जाणे, हे दोन हजार वर्षे जुने आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेने या विकाराला ‘निरुद्धप्रकश’ म्हटले आहे. त्यावरचा उपाय वाचला तेव्हा मी थक्क झालो. सुश्रुताने आधी चाकू काढलेला नाही. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही तोंडांनी उघडी नळी घ्यावी, तिला तूप लावावे, ती हळूच आत घालावी. वरून स्नेहद्रव्यांचे सिंचन करावे. दर तीन दिवसांनी आधीपेक्षा थोडी जाड नळी वापरावी, म्हणजे तोंड हळूहळू रुंद होते. एवढे करून जमले नाही, तरच मधली शिवण सोडून कातडीला चीर द्यावी आणि ताज्या जखमेसारखा उपचार करावा. मागे गेलेली कातडी टोकामागे अडकून सुजते, त्या विकारालाही सुश्रुताने ‘परिवर्तिका’ असे वेगळे नाव दिले आहे. तिथेही तूप, शेक आणि हलक्या हाताने कातडी पुन्हा पुढे आणणे हाच पहिला उपाय आहे.

आधी ताण, मग चीर. हा क्रम लक्षात ठेवा. आधुनिक वैद्यक फिरून फिरून इथेच आले आहे.

बगदाद ते कॉर्डोबा

सुश्रुताचा ग्रंथ अरबांना ठाऊक होता. अब्बासी खिलाफतीच्या काळात वजीर याह्या बरमकीच्या सांगण्यावरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने तो बगदादच्या इस्पितळासाठी भाषांतरित केला, अशी नोंद इब्न नदीमने आपल्या ‘फिहरिस्त’मध्ये केली आहे. अल राझीसारखा मोठा हकीम ‘सुसरुद’ या नावाने त्याचे दाखले देतो.

पण मुस्लिम वैद्यांपुढे एक वेगळे काम होते. त्यांच्या समाजात प्रत्येक मुलाची सुंता होत होती, तीही आजार म्हणून नव्हे. मग ती सुरक्षित कशी करायची? आजच्या स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ राहणाऱ्या अल झहरावीने याचे उत्तर शोधले. सुमारे हजार वर्षांपूर्वी वारलेल्या या शल्यवैद्याच्या ‘अत तसरीफ’ या ग्रंथाचा तिसावा खंड पूर्णपणे शस्त्रक्रियेवर आहे. त्यात मुलांच्या सुंतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. कातडी दोऱ्याने बांधून घ्यावी, मग कात्रीने कापावी, ही पद्धत त्याने पसंत केली. दोऱ्यामुळे नेमके किती कापायचे ते ठरते आणि कात्रीची दोन्ही पाती सारखी चालतात. त्याच प्रकरणात, चूक झाली तर काय करावे, तेही लिहिले आहे. याच अल झहरावीने दुसऱ्या ठिकाणी एका गावातल्या अशा पुरुषांची हकिकत दिली आहे की ज्यांना किरकोळ जखम झाली तरी रक्त थांबत नसे आणि ते दगावत. आज आपण त्याला हिमोफिलिया म्हणतो. सुंतेआधी ‘घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का?’ असे डॉक्टर विचारतात, तो याच कारणासाठी.

हुकूम काय आहे?

कुरआनात सुंतेचा उल्लेख नाही. हदीसमध्ये ती ‘फितरत’च्या गोष्टींत येते. नखे काढणे, मिशा कातरणे, काखेतले केस काढणे, त्यांच्याच रांगेत. हजरत इब्राहीम यांच्यापासून ही रीत चालत आली, अशी श्रद्धा आहे. हनफी आणि मालिकी फिकहमध्ये ती सुन्नत आहे, शाफई फिकहमध्ये वाजिब. हा फरक भिवंडीत रोज शेजारी शेजारी राहतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. १८५७ नंतर उत्तरेतून मुंबई-आग्रा रस्त्याने हातमाग घेऊन आलेले मोमीन अन्सारी हनफी. वाजिब आणि सुन्नत यांवर मौलाना तासभर बोलू शकतील, पण सुंता दोघांकडेही होतेच.

वयाबद्दल मात्र एकच आकडा नाही. सातव्या दिवसापासून वयात येण्याआधीपर्यंत कधीही. अकबराची सुंता लहानपणी काबूलमध्ये मोठा जल्लोष करून झाली, आणि त्याच अकबराने पुढे बारा वर्षांआधी कुणाची सुंता करू नये व नंतर ती मुलाच्या मर्जीवर सोडावी असा हुकूम काढला, असे बदायूनीने रागारागाने लिहून ठेवले आहे. बदायूनीचा राग आपण घेऊ नये आणि अकबराचा हुकूमही घेऊ नये. पण मुद्दा असा की वयात सवड आहे. आजारी, अशक्त किंवा जन्मतः दोष असलेल्या मुलाच्या बाबतीत थांबायला दीनने कुठे मनाई केलेली नाही.

आमच्या लहानपणी हे काम खलीफा करत. ‘हज्जाम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणारा. पुढे तोच केस कापणारा, फोड फोडणारा आणि सुंता करणाराही झाला. आपल्याकडे त्याला मानाने खलीफा म्हणत. आमचे खलीफा एक जुनी कातडी पिशवी घेऊन येत. मामा मांडीवर घेऊन दोन्ही पाय धरत. “ती बघ सोन्याची चिडिया!” म्हणत खलीफा वर बोट दाखवत. मी वर पाहिले. चिडिया दिसली नाही. नंतर जळलेल्या कापडाची राख, फुलांचा हार आणि मिठाई. खलीफांचा हात पक्का होता, हे मान्य. पण वस्तरा किती मुलांसाठी वापरला, हे कुणी विचारत नव्हते आणि बधिर करण्याचे इंजेक्शन त्यांच्या पिशवीत नव्हते. आता भिवंडीतली बरीच कुटुंबे दवाखान्यातच जातात, हे चांगलेच झाले.

निसर्ग आजार कसा ठरला?

आता सरमिसळीकडे येऊ. ती मुसलमानांनी केली नाही आणि हिंदूंनीही नाही. ती एकोणिसाव्या शतकात लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये झाली.

१८५५ मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन या डॉक्टरांनी ज्यू आणि इतर रुग्णांची तुलना करून असे मांडले की सुंता झालेल्यांना सिफिलिस कमी होतो. १८७० मध्ये न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद लुईस सेयर यांनी पायांत बळ नसलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाची सुंता केली आणि तो बरा झाल्याचे सांगितले. मग लाटच आली. अपस्मार, अंथरुणात लघवी, हस्तमैथुन, चिडचिड, सगळ्याचे मूळ आवळलेल्या कातडीत शोधले जाऊ लागले. १८९१ मध्ये रेमोंडिनो नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सुंतेचा इतिहास लिहिला आणि त्यात अग्रत्वचेवर आरोपपत्रच ठेवले. यातले बहुतेक दावे पुढे गळून पडले. पण एक गोष्ट टिकली : लहान मुलाची कातडी मागे जात नसेल तर तो ‘फायमोसिस’ आणि त्याला उपाय कापणे. हेच इंग्रजी पुस्तकांतून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आले आणि तिथून गल्लीतल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर.

कुणी मोजून पाहिले नव्हते. १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी मोजले. नवजात मुलग्यांपैकी शेकडा चार जणांचीच कातडी पूर्ण मागे जाते. बाकीच्यांची आतून टोकाला चिकटलेलीच असते, जशी मांजराच्या पिल्लाची पापणी जन्मतः मिटलेली असते. ती वाढीबरोबर आपोआप सुटते. त्या काळी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुंतेच्या शस्त्रक्रियेमुळे, मुख्यतः भूल देण्यातल्या धोक्यामुळे, पाच वर्षांखालची सोळाच्या आसपास मुले दर वर्षी दगावत होती, हेही त्यांनी दाखवले. नव्याने सुरू झालेल्या सरकारी आरोग्यसेवेच्या देशात या लेखानंतर गरज नसलेल्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या.

गेर्डनर यांचा अंदाज होता की तीन वर्षांपर्यंत शेकडा नव्वद मुलांची कातडी सुटते. तोही घाईचा ठरला. १९६८ मध्ये डेन्मार्कचे याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांची अनेक वर्षे तपासणी करून निष्कर्ष छापले. सहा-सात वर्षांच्या मुलांत शेकडा आठ जणांची कातडी आवळलेली होती. सोळा-सतरा वर्षांपर्यंत हे प्रमाण शेकडा एकवर आले, तेही कुणी काही न करता. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची कातडी मागे जात नाही, हा आजार नाही. ते त्याचे वय आहे.

मलम

मग खरा फायमोसिस कोणता? ज्यात कातडीच्या तोंडाशी पांढरट, कडक व्रण पडतो, तडे जातात, लघवीला जोर करावा लागतो, दुखते, पुन्हा पुन्हा पू होतो. कधी कधी हा व्रण आपणच पाडतो. आंघोळ घालताना ‘साफ करायची’ म्हणून कातडी जोराने मागे ओढली की बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो आणि नसलेला आजार जडतो. बाळाची कातडी ओढू नये. बाहेरून धुणे पुरेसे आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी आवळलेल्या कातडीवर स्टिरॉइडचे मलम लावून पाहिले आणि बरीच मुले शस्त्रक्रियेवाचून बरी झाली. त्यानंतर अनेक देशांत चाचण्या झाल्या. आज सर्वसाधारण पद्धत अशी : बीटामेथासोनसारखे मलम, बहुधा ०.०५ टक्के, आवळलेल्या कड्यावर पातळ थर देऊन दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. सोबत दुखणार नाही इतपतच हलका ताण. मलमाने कातडी मऊ आणि लवचीक होते. दहांतल्या सातआठ मुलांना एवढ्याने गुण येतो. थांबवल्यावर काहींचे पुन्हा आवळते, तेव्हा उपचार पुन्हा करता येतो. नळीच्या जागी मलम आले, बाकी सुश्रुताचाच क्रम आहे.

मात्र हे मलम मेडिकलवाल्याला विचारून आणायचे नाही. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या खाजेच्या कित्येक ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक असा काला असतो. तो नाजूक जागी महिनोन्‌महिने लावला तर कातडी पातळ पडते. कोणते मलम, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

काही प्रसंगी मात्र थांबायचे नाही. मागे गेलेली कातडी अडकली आणि टोक सुजले, लघवी अडली, लघवीच्या त्रासाबरोबर ताप आला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. पांढरा कडक व्रण मलमाने सुटत नसेल तर शस्त्रक्रिया लागते, आणि तिथेही थोडी चीर देऊन कातडी राखण्याची पद्धत काही रुग्णांत चालते. मोठ्या माणसाची कातडी चाळिशी-पन्नाशीत नव्याने आवळू लागली तर आधी रक्तातली साखर तपासा. लाजेपायी मधुमेहाची ही खूण लपवून ठेवणारे कारखान्यांत कमी नाहीत.

सुंतेचे वैद्यकीय फायदे नाहीतच, असे मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रियांकडून एचआयव्ही होण्याचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी झाला आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथ जास्त असलेल्या देशांसाठी तिची शिफारस केली. पण आपण सुंता करतो ती या चाचण्यांमुळे नाही. आपण ती दीन म्हणून करतो. हे सरळ म्हणायला हरकत काय? त्यासाठी कागदावर खोटा फायमोसिस लिहून घ्यायची गरज नाही. असा शब्द लिहिला जातो, तेव्हा खऱ्या आजाराचा अर्थच पातळ होतो.

दोन भीती

शेजारणीच्या सासूचा विरोध कातडीला नव्हता, ओळखीला होता. ‘आपला पोरगा त्यांच्यासारखा दिसेल.’ ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मंटोच्या ‘सियाह हाशिये’मध्ये फाळणीच्या दंगलीतली एक अगदी लहानशी गोष्ट आहे. त्यात मारणाऱ्याला सुरा चालवून झाल्यावर माणसाचे अंग पाहून कळते की चूक झाली. १९७० आणि १९८४ पाहिलेल्या भिवंडीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ज्या शहरात एखाद्या दिवशी कपडे उतरवून धर्म तपासला जाईल अशी धास्ती असते, तिथे फायमोसिसचा हिंदू रुग्ण शस्त्रक्रिया खरोखर लागत असूनही वर्षानुवर्षे त्रास काढतो. आणि मुसलमान बाप, मुलाच्या जन्मजात दोषासाठी दोन वर्षे थांबायला सांगितले तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबत नाही. भीती दोन आहेत, पण त्या एकाच दंगलीच्या पोटी जन्मल्या आहेत.

डॉक्टरांकडे मात्र हिंदू कातडी आणि मुसलमान कातडी असे दोन कप्पे नसावेत. हिंदू मुलाला खरोखर गरज असेल तर ती शस्त्रक्रिया आहे, धर्मांतर नव्हे. मुसलमान मुलाची सुंता करण्याआधी छिद्र जागेवर आहे का, हे पाहणे म्हणजे दीनमध्ये ढवळाढवळ नव्हे. लघवीचे छिद्र खाली असण्याचा दोष साधारण दोनशे-तीनशे मुलग्यांमागे एकात आढळतो. एवढ्या मोठ्या शहरात तो दर वर्षी कितीतरी घरांत जन्म घेत असणार आणि तिथे कुणीतरी ‘फरिश्त्यांनी सुन्नत केली’ म्हणून पेढे वाटत असणार.

शेजारच्या मुलाला पुढे ठाण्याच्या बालशल्यविशारदांना दाखवले. त्यांनी तपासून सांगितले, व्रण नाही, काही करू नका, ओढू नका. दोन वर्षांनी पुन्हा दाखवले तेव्हा थोडे आवळलेले होते, म्हणून सहा आठवडे मलम दिले. आता तो सातवीत आहे आणि त्याच्या आजीला तो विषय आठवतही नाही. माझ्या भाच्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. कातडी उरली नव्हती म्हणून गालाच्या आतली त्वचा घ्यावी लागली. अल्लाहच्या कृपेने तो बरा आहे.

अम्मी शिकलेली नाही, पण तेव्हापासून तिने एक सवय लावून घेतली आहे. गल्लीत मुलगा झाला, मग तो आमच्यात असो की त्यांच्यात, बाळंतिणीला भेटायला गेली की ती लूमच्या खडखडीत तिच्या कानाशी तोंड नेते आणि विचारते, “बाळ शू कुठून करतं, ते नीट पाहिलंस ना गं?”